सहा भोकांचा पत्रा

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

पतसंस्थेने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. नऊ महिने कोरी पडली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज एक गाडी आली.

डेपोत चौतीस वर्षं जसं लिहीत होतो तसंच लिहितो.

गाडी: पालीच्या कोंडिबाची जुनी पेट्रोल जीप. तक्रार: चढाला ओढत नाही, मिसिंग करते, जळका वास येतो. घेऊन आली: त्याची मुलगी सोनिया.

कोंडिबा वैशाखात गेला. राजगडाला येणाऱ्या ट्रेकवाल्यांना तो मार्गासनीच्या स्टँडवरून पालीला सोडायचा. आता तेच काम सोनिया करते. अठ्ठावीसेक वर्षांची असेल. जीप माझ्या अंगणात घातली, उतरली आणि म्हणाली, "काका, तुमी यष्टीत हेड मेकॅनिक व्हतात ना? हिला बगा की जरा. नसरापूरचा गॅरेजवाला म्हंतो भंगारात घाल."

मी खरं ते सांगितलं. माझा जन्म डिझेलमध्ये गेला. डिझेलला प्लग नाही न् प्लगची वायरही नाही. हवा दाबली की तापते आणि तेल आपोआप पेट घेतं. पेट्रोलचं इंजिन म्हणजे लाडावलेलं पोर, दर वेळी त्याला ठिणगी नेऊन द्यावी लागते.

"म्हंजी तुमाला न्हाई जमायचं?"

असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. बॉनेट उघडलं.

कारण लगेच दिसलं. इंजिन कुठल्यातरी जुन्या मोटारीचं. त्याचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता, म्हणून कोंडिबाने धुरासाठी चार पाईप वाकवून वेल्डिंग करून घेतलेले. काम भक्कम आहे, पण पाईप प्लगच्या अगदी अंगावर. गाडी चढाला लागली की ते लालीवर येत असणार. तीन नंबरची वायर भाजून कडक झालेली, बोटाने वाकवली तर तुकडाच पडला.

हे बघत होतो तोवर सोनिया चहा ठेवायला आत गेली. तिचा बाप तीस वर्षं ओळखीचा, पण माझ्याकडचा चहा अंगणातच घ्यायचा, तोही उभ्याने. हिने चपला काढल्या, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि साखर सापडेना तेव्हा आतून ओरडली, "काका, साखर कुठं ठिवलीय?"

बायकोला, वनिताला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या खोलीतून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

बुधवार, २ ऑक्टोबर

भोरला जाऊन नवीन वायरी आणल्या. डेपोतला आमचा इलेक्ट्रिशियन सांगायचा, वायरिंग कसं हवं, तर परेडला उभ्या पोलिसांसारखं. चारही वायरी एकत्र घेतल्या, मेणाच्या दोऱ्याने वीत-वीत अंतरावर बांधल्या आणि पाईपांपासून जमेल तेवढ्या वर ओढून घेतल्या. इतकं सुबक काम पेट्रोलवाल्यांनी बघितलंही नसेल. सोनिया म्हणाली, "किती सुंदर दिसतंय!" मी म्हणालो, हे काहीच नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

सुंदर कामाने तोंडावर पाडलं. वाजेघरच्या पुढच्या चढाला जीपने फटाक्यांसारखे बार काढले. आतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले म्हणे. सोनियाने फोनवर सांगितलं आणि वर हसली. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी मुलाचा, प्रशिकचा पुण्याहून फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो. त्याला जीपचं सांगायचं होतं. सुरुवात करेपर्यंत त्याची मीटिंग लागली. रविवारी कसली मीटिंग असते कुणास ठाऊक.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मंगळवारी तिला भाडं नसतं, म्हणून गाडी घेऊन आली. इंजिन चालू ठेवलं, उघड्या बॉनेटवर घोंगडं टाकलं आणि आत डोकं घालून अंधारात बघत राहिलो. धूर नाकात गेला, शिंका आल्या, पण दिसलं. जिथे जिथे मी वायरी एकमेकींना बांधल्या होत्या तिथे बारीक निळ्या ठिणग्या नाचत होत्या. दोन नंबरचा करंट एक नंबरमध्ये, चारचा तीनमध्ये. चुकीच्या वेळी चुकीच्या सिलिंडरला ठिणगी, म्हणून बार.

सोनियालाही घोंगड्यात बोलावलं. ती बघून म्हणाली, "आगं बया! ह्या तर आपसात भांडत्यात."

म्हणजे ह्या वायरी जशा पाईपापासून लांब हव्यात तशा एकमेकींपासूनही हव्यात. डिझेलवाल्याला हे कोण सांगणार? चौसष्टाव्या वर्षी नवीन गोष्ट कळली. दोरे कापून टाकले. लाकडाच्या पट्टीला खाचा पाडून प्रत्येकीला वेगळी जागा दिली. बार थांबले.

राहिली फक्त पाईपांची उष्णता. त्याचा उपाय डोक्यात आहे. पाईप आणि वायरींच्या मध्ये पत्र्याचा आडोसा. पत्रा पाईपाला चिकटवायचा नाही, बोटभर अंतर सोडायचं, म्हणजे मधून वारा खेळतो आणि पत्रा स्वतः तापत नाही.

आज ती दोन तास बसली. दूध पुरलं नाही. दूधवाल्या कुंडलिकला सांगितलं, मंगळवारी पावऐवजी अर्धा लिटर घालत जा.

गुरुवार, १० ऑक्टोबर

पत्रा केला. मंगळवारीच मापं घेऊन ठेवली होती. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा घरात होता. कापला, कडा दुमडल्या, सहा भोकं पाडली. ब्रॅकेटही तयार. हात अजून चालतो.

मंगळवारी बसवून टाकू.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सकाळी विहारात वंदनेला गेलो. आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, शिवाय दसरा. परत आलो तर जीप दारात, झेंडूचा हार घातलेली. सोनियाने आपट्याची पानं हातावर ठेवली आणि पाया पडायला वाकली. मी म्हणालो, अगं राहू दे. पण बरं वाटलं. तिने वनिताच्या फोटोपुढेही दोन पानं ठेवली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

पत्रा बसवला नाही. तिला घाई होती.

वायरींवर काचेच्या धाग्याची नळी चढवून दिली. उष्णतेला बरी असते. आठवडाभर चालेल.

चहा दोनदा झाला. मग तिला माझ्या हातचं पिठलं खायचं होतं, ते केलं. तिच्या आईचं, बाळाबाईचं, नवरा गेल्यापासून बोलणंच कमी झालंय. दिवस दिवस भिंतीकडे बघत बसते. सोनिया म्हणाली, "घरात आवाज न्हाई काका. आबा नुस्तं खोकलं तरी घर भरल्यावानी वाटायचं." मी तिला अजून थोडं पिठलं वाढलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

नळी भाजली. दुसरी चढवली. पत्र्याचं म्हणालो की भोरला ऑर्डर दिली आहे, दिवाळीच्या गडबडीत उशीर होतोय.

असं का म्हणालो ते लिहायला बसलो आणि चहा गार झाला. पत्रा कॉटखाली आहे. झाडताना केरसुणी लागते त्याला.

खरं म्हणजे पत्र्याची धार अजून नीट घासायला हवी. घाईने काम केलं की वाया जातं.

आज तिच्या सीटखाली कोंडिबाची पकड सापडली. जबड्यातला मधला एक दात तुटलेला. म्हटलं, फेकून दे, नटाची वाट लावते ही. तर ती म्हणाली, "आबांची हाय. राहू द्या."

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आमच्यात नसतं, पण वनिता पणत्या लावायची, म्हणून दोन लावल्या. प्रशिकला सुट्टी नाही. पुण्याला या म्हणाला. गेलो की त्याच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून मिळते आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायला नको. इथे निदान सात दहाची वेल्ह्याची एसटी जाते. हल्ली तिचा एक नोझल खराब आहे, आवाजावरून कळतं. सांगणार कुणाला?

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तिसरी नळी. सोनियाने आज एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या ज्या ग्रुपची माणसं ती दर शनिवार-रविवारी नेते, त्याचा स्वरूप नावाचा पोरगेलासा पुढारी तिला म्हणाला, गाडी अजून एकदा रस्त्यात थांबली तर आम्ही स्टँडवरच्या सोमनाथचा पिकअप ठरवू. तिच्याकडे काम त्या ग्रुपचंच आहे. ते गेलं तर जीप विकायची आणि शिरवळला कंपनीत लागायचं.

"काका, ह्या शनिवारी चाळीस माणसं हाईत. चार खेपा. टिकंल न्हवं?"

मी म्हणालो, टिकेल.

ती गेल्यावर कॉटखाली वाकून बघितलं. पत्रा तिथेच होता.

शनिवार, ९ नोव्हेंबर

टिकलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्याच चढावर जीप बसली. तीन आणि चार, दोन्ही वायरी गेल्या. आतली माणसं सामान घेऊन चालत पालीला गेली. त्यांत एक सत्तरीच्या बाई होत्या, त्यांची पिशवी सोनियाने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गावापर्यंत पोचवली. मग मागे गाडीपाशी आली. मला फोन केला नाही. सोमनाथनेच स्टँडवर सांगितलं. आनंदाने सांगितलं नाही, तो भला माणूस आहे, पण पुढच्या खेपा त्याच्या पिकअपने झाल्या.

मी त्याच्याबरोबर जीपपाशी गेलो. सोनिया बंपरवर बसली होती. गाल धुळीने भरलेले, त्यातून पाण्याच्या दोन रेघा. म्हणाली, "तुमी कशाला आला एवढ्या लांब? तुमचं गुडघं दुखत्यात."

हिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर मी त्याला डेपोत उभा केला नसता. पत्रा महिनाभर घरात पडून, आणि मी तिला नळ्या चढवून देतोय. का, तर मंगळवारी कुणीतरी यावं म्हणून. लिहिलं एकदाचं. लाज वाटते.

सोमनाथने जीप ओढून माझ्या अंगणात आणून सोडली.

रविवार, १० नोव्हेंबर

उजाडताच कामाला लागलो. सोनिया पहिल्या एसटीने आली. नव्या वायरी घातल्या, मग कॉटखालून पत्रा काढला. म्हणालो, काल भोरहून आला.

तिने पत्रा हातात घेतला. त्यावर धूळ होती. एका कोपऱ्यात केरसुणीचा हीर अडकलेला. तो तिने काढून टाकला आणि पत्रा माझ्याकडे दिला.

सहाही भोकं पहिल्याच फटक्यात बरोबर आली. पाईपापासून बोटभर अंतर, वर वायरी आपापल्या खाचेत सुट्या. सोनिया बघत होती. म्हणाली, "लई बेस बसला. भोरवाल्यानं माप कदी घेतलं, काका?"

मी म्हणालो, मी तोंडी सांगितलं होतं.

"व्हय का," म्हणाली.

प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर, त्यावर लॉकनट. माझ्याकडे लॉकनटचा डबाच आहे, माझ्या मागेही पुरेल एवढा. एकदा आवळला की खड्ड्याने, धक्क्याने हलायचा नाही.

मग मी स्वरूपचा नंबर मागितला. तिच्यासमोर त्याला फोन लावला. म्हणालो, कालची चूक गाडीची नाही आणि पोरीची तर अजिबात नाही. मेकॅनिकची आहे. मी सर्जेराव, एसटीचा निवृत्त हेड मेकॅनिक, काम माझं अर्धवट होतं. आता पुरं केलंय. एक खेप देऊन बघा. तो म्हणाला, एक बघतो.

असं चौतीस वर्षांत कधी म्हणालो नव्हतो. सोनियाने चहा केला.

रविवार, १७ नोव्हेंबर

जीपने काल आणि आज मिळून आठ खेपा मारल्या. सोनियाचा फोन आला होता, वायरीला हात लावला तर कोमट लागते म्हणाली. ग्रुप तिच्याकडेच राहिला. बाळाबाईंनी माझ्यासाठी तांदळाची पिशवी पाठवते म्हणून निरोप दिला.

काम फत्ते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कुंडलिकने अर्धा लिटर दूध घातलं. त्याला सांगायचं राहिलं होतं. उरलेलं विरजण लावलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पुन्हा अर्धा लिटर. परत विरजण. दही कोण खाणार एवढं?

शनिवार, ३० नोव्हेंबर

अंगणात खुर्ची टाकून बसलो की फाट्यावरून वळणारी जीप ऐकू येते. दिवसातून चार वेळा जाते, चार वेळा येते. वळणावर दोन हॉर्न देते. चारही सिलिंडर मारतात, एकही ठोका चुकत नाही. असा आवाज ऐकला की मेकॅनिकची छाती फुगते.

छाती फुगली आणि मग दिवसभर काहीच नव्हतं. एवढं एकटं मला वनिता गेली त्या महिन्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा माणसं तरी येत होती. खोटं कशाला लिहू, एकदा मनात आलं की एखादी वायर तरी सुटावी. लगेच स्वतःला शिवी घातली.

मंगळवार, ३ डिसेंबर

कुंडलिकला सांगितलं, आता पाव लिटरच घाल. तो म्हणाला, "का वो, पाव्हनी येत न्हाई का?" मी म्हणालो, तिची गाडी दुरुस्त झाली.

शुक्रवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो. प्रशिक सकाळी चैत्यभूमीवर होता, तिथून व्हिडिओ कॉल केला. गर्दीत काही ऐकू येईना. तो माझ्याकडे बघून हात हलवत राहिला, मीही हलवला.

मंगळवार, १० डिसेंबर

सकाळी अकराला जीप अंगणात.

तक्रार: पत्रा खडखडतो.

मी म्हणालो, शक्यच नाही. बॉनेट उघडलं. पुढच्या बाजूचा एक नट जवळजवळ सुटून बोल्टच्या टोकाशी आलेला. बाकी पाच जागच्या जागी, घट्ट. वायरी उत्तम, रबर मऊ, कुठे भाजल्याची खूणही नाही.

लॉकनट आपोआप सुटत नाही. नट काढून उन्हात धरला. कडांवर पकडीचे ओरखडे होते, ताजे, चकचकीत. दातांच्या रेघा ओळीने उमटल्या होत्या आणि मधली एक रेघ नव्हती.

मी सोनियाकडे बघितलं. ती टायरला लाथ मारून हवा बघत होती.

"कसा काय सुटला असंल काका?"

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"लई खराब हाय," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली. साखरेचा डबा आता तिला विचारावा लागत नाही. आतूनच सांगत होती की बाळाबाईला काल अंगणात आणून बसवलं, की स्वरूप एक वर्षाचं काम देतोय, की मागच्या दोन मंगळवारी यायचं होतं, "पन गाडी चांगली असताना काय म्हनून यायचं, तुमी म्हनला असता, ह्या पोरीला काय कामधंदा न्हाई."

मी तिला काही विचारलं नाही. तिनेही मला त्या पत्र्याचं कधी विचारलं नव्हतं.

नट लावला. साधा. वायरींना धोका नाही, बाकीचे पाच पुरेसे आहेत. ती कप घेऊन बाहेर आली आणि वाकून बघू लागली. म्हणाली, "त्यो दुसरा नट न्हाई लावला?"

"लॉकनट संपलेत," मी म्हणालो.

तिने फळीवरच्या डब्याकडे बघितलं. डबा भरलेला होता, झाकणही नव्हतं त्याला.

"मग दर मंगळवारी आवळून घ्यावा लागंल," ती म्हणाली.

"लागेल," मी म्हणालो.

ती गेल्यावर कुंडलिकला फोन केला. मंगळवारी अर्धा लिटर.